दाबू नका: ऑक्टोबरचं श्निट्झेल, सफरचंद आणि बिही

खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या मनगटावर लाकडी चमचा मारला, तेव्हा मला जर्मनीत येऊन दोनच वर्षं झाली होती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात डुकराच्या मांसाचा पातळ तुकडा पावाच्या चुऱ्यात ठेवून तळव्याने नीट थापत होते. रव्यात बोंबील दाबतो ना, अगदी तसं. चुरा घट्ट बसला पाहिजे, तळताना सुटता कामा नये, हे मला फ्रॉक घालायच्या वयापासून माहीत. "नेट द्रुका!" आजी ओरडल्या. श्वाबी बोलीत: दाबू नकोस.

मी वसईची. घरात डुकराचं मांस नवं नव्हतं. लग्नाला आणि नाताळला इंदयाल, सोरपोतेल व्हायचंच. पण ते व्हिनेगर-मसाल्यात मुरलेलं, दोन दिवसांनी जास्त चांगलं लागणारं. मांसाला मसाला न लावता, पावाच्या चुऱ्यात घोळवून, तीन-चार मिनिटांत तळून, लगेच खायचं, हा श्निट्झेल नावाचा प्रकार मी इथे एस्लिंगनला आल्यावर पाहिला. स्टुटगार्टला लागून नेकार नदीकाठी हे गाव आहे. गेली अकरा वर्षं मी इथे नर्स आहे, आणि नऊ वर्षं श्निट्झेल करते आहे. पहिली तीन वर्षं बिघडवली. का बिघडायचं ते आता कळलंय. मांस दिसलं की आपला हात आपोआप चार गोष्टी करतो: आलं-लसूण लावून मुरत ठेवतो, वरचं आवरण दाबून बसवतो, थोड्या तेलावर भाजतो आणि झाल्यावर गरम राहावं म्हणून झाकतो. या चारही सवयी इथे नडतात. बाकी पाककृती सोपी आहे.

नावाचं आधी सांगून टाकते, कारण पाहुणे हमखास विचारतात. इथल्या हॉटेलात "वीनर श्निट्झेल" असं लिहिलं असेल तर ते वासराचंच असावं लागतं, तसा नियम आहे. डुकराचं असेल तर "श्निट्झेल वीनर आर्ट", म्हणजे व्हिएन्नाच्या पद्धतीचं, असं लिहितात. घरी बहुतेक जण डुकराचंच करतात. स्वस्त पडतं आणि, माझ्या मते, आंबट फळांशी तेच जास्त जमतं.

फळं आधी

फळांना वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून. सकाळी करून ठेवलीत तरी चालेल.

आमच्या गावाभोवतीच्या उतारांवर जुन्या, उंच फळझाडांची मोकळी कुरणं आहेत. रांगा नाहीत, कुंपण नाही. गवतात मधूनमधून एक सफरचंद, एक नासपती, कुठे प्लम. मालक म्हातारे झालेत, शिडीवर चढणं होत नाही. म्हणून काही झाडांच्या खोडाला पिवळी फीत बांधलेली असते. पिवळी फीत म्हणजे कोणीही या, घरापुरतं तोडून न्या. पहिल्या वर्षी मी अशा झाडाखाली चोरासारखी उभी राहून इकडेतिकडे बघत होते. आता पिशवी घेऊन जाते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथल्या चर्चमध्ये पिकाचे आभार मानण्याचा सण असतो. वेदीसमोर सफरचंदं, भोपळे, पावाचे मोठे गोळे मांडलेले असतात. माझी मावशी मरोळ गावठाणात दिली आहे. तिच्याकडे त्याच रविवारी आगेरा असतो, नव्या भाताची कणसं आशीर्वादाला नेतात. दोन्ही सण एकाच दिवशी येतात हे लक्षात आलं तेव्हापासून मी वर्षाचं पहिलं श्निट्झेल त्या रविवारी करते. त्याआधी बिही पिकलेली नसतेच.

बिही म्हणजे क्विन्स. जर्मनमध्ये क्विटे, काश्मीरमध्ये बमचूंठ. महाराष्ट्रात हे फळ सहसा दिसत नाही, पण काष्ठौषधीच्या दुकानात खोकल्यावर बिहीदाणा मिळतो तो हिच्याच बियांचा. या बिया पाण्यात टाकल्या की सब्जासारख्या बुळबुळीत होतात. फळ पिवळंधमक, वर करड्या लोकरीसारखी लव. वास इतका सुरेख की आजी दोन फळं कपड्यांच्या कपाटात ठेवतात. म्हणून कोणी कच्ची खायला जातं आणि फसतं: लाकडासारखी कडक, आणि तोंडाला कच्च्या सुपारीसारखी मिठी बसते. शिजवल्यावरच ती माणसात येते. सफरचंदासारखी गोल बिही जास्त कडक पण जास्त सुगंधी. नासपतीसारखी लांबट मऊ आणि सौम्य. मिळाली तर गोल घ्या.

सफरचंद बॉस्कोप जातीचं. 1856 साली नेदरलँड्समधल्या बॉस्कोप गावात सापडलेली ही जात दिसायला अगदीच गरीब आहे, खरखरीत खाकी साल, जणू बटाटाच. पण आंबटपणा खणखणीत आणि शिजल्यावर लगेच मऊ. गोड, लालचुटूक, कुरकुरीत सफरचंद इथे कामाचं नाही. तळलेल्या पदार्थाशेजारी आंबट हवं. जेवणात सोलकढी असते ती ज्यासाठी, त्याचसाठी.

चौघांना पुरेल असं प्रमाण: एक मोठी बिही, साधारण 300 ग्रॅम. बॉस्कोप दोन, मिळून 400 ग्रॅम. दोन मोठे चमचे साखर, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चिमूटभर मीठ, अर्धं लिंबू, आणि 100 मिलीलीटर मोस्ट. मोस्ट म्हणजे इथली सफरचंद-नासपतीची आंबवलेली घरगुती दारू. ती नसेल तर सफरचंदाचा रस.

बिहीची लव कोरड्या फडक्याने घासून काढा, मग धुवा. जाडजूड सुरी घ्या, पातळ सुरीचं पातं मी एकदा वाकवलंय. चार फोडी करून मधला भाग काढून टाका. तो दगडी असतो आणि बिया चावायच्या नसतात. सालं काढली नाहीत तरी चालतं, पण मी काढते. बोराएवढे तुकडे करून लिंबाच्या पाण्यात टाका, नाहीतर बघता बघता काळे पडतात. मग जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात दालचिनी घालून मंद आचेवर शिजत ठेवा. अर्धा-पाऊण तास. सफरचंद अजून घालायचं नाही. त्याचा लगदा होऊन तळाला लागेल आणि बिही तशीच कडक राहील. हे मी दोनदा केलंय.

बिहीत सुरी सहज जाऊ लागली, पाणी आटत आलं आणि रंग फिकट गुलाबीकडे झुकला, की सफरचंदाच्या फोडी, साखर, मीठ आणि मोस्ट घाला. दहा-बारा मिनिटांत सफरचंद विरघळतं आणि बिहीचे तुकडे त्यात राहतात. तसेच राहू द्या. मिक्सर नको, पाव भाजीसारखं चेचणंही नको. हा साखर कमी घातलेला मुरंबाच समजा, फक्त जरा सैल. गार झाल्यावर घट्ट होतो, बिहीत पेक्टिन भरपूर असतं. म्हणून आचेवरून थोडा पातळच उतरवा.

आता माझी एकमेव लबाडी. मावशी दरवर्षी बाटली मसाला पाठवते. उन्हाळ्यात कुटतात तो, पूर्वी बियरच्या गडद बाटल्यांत भरून ठेवायचे म्हणून हे नाव. त्याची चिमूट, खरंच चिमूट, मी शेवटच्या पाच मिनिटांत मुरंब्यात टाकते. पहिल्या वर्षी आजींनी चमचा तोंडात घालून बराच वेळ काही बोलणं टाळलं. पुढच्या ऑक्टोबरमध्ये जिन्यात गाठून त्यांनीच विचारलं, "तुझ्या मावशीचं लाल पाकीट आलं का?" मसाला मांसाला लावायचा मोह मात्र आवरा. तळताना तो जळतो आणि चुऱ्याचा खमंगपणा घालवतो.

एवढा खटाटोप नको असेल त्या दिवशी आप्फेलक्रेन करते: दोन आंबट सफरचंदं किसून, लिंबू पिळून, मीठ, चिमूट साखर आणि दोन चमचे ताजं किसलेलं मेरेत्तिश. मेरेत्तिश ही एक पांढरी मुळी, कच्च्या मोहरीसारखी नाकात जाणारी. ऑस्ट्रियात हे उकडलेल्या गोमांसाबरोबर खातात, पण तळलेल्या डुकराबरोबर फारच छान लागतं. पाच मिनिटांचं काम. हॉटेलात श्निट्झेलबरोबर प्रायझलबेरे नावाच्या लाल बोरांचा जॅम देतात, तोही बरा. पण झाडं लगडलेली असताना बरणी कशाला उघडायची?

मांस

खाटकाकडे मागच्या मांडीचा आतला भाग मागा, इथे त्याला ओबरशाले म्हणतात. चरबी जवळजवळ नसते, तंतू एका दिशेने जातात. पाठीचं मांसही चालतं, पण ते पटकन कोरडं होतं. चौघांसाठी चार तुकडे, प्रत्येकी 130 ते 150 ग्रॅम, तंतूंना आडवे कापलेले. तुकडा लहान असेल तर खाटीक एक काप अर्धवट ठेवून दुसरा पूर्ण मारतो आणि वही उघडावी तसा उघडतो. मला ते आवडत नाही, मध्ये शीर राहते आणि तिथेच आवरण फाटतं.

तुकडा प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून ठोकायचा. हातोडीची दातेरी बाजू नाही, सपाट बाजू. हातोडी नसेल तर जड पातेल्याचा तळ. मधून बाहेर, बाहेर, अशी सरकवत, आपटायचं नाही. सगळीकडे सारखी अर्धा सेंटीमीटर जाडी आली पाहिजे. एक कड जाड राहिली तर पातळ भाग कडक होईपर्यंत जाड भाग शिजत नाही. कडेला पांढरा पडदा असेल तर त्याला दोन-तीन चिरा द्या, नाहीतर गरम तुपात पडल्यावर तुकडा वाटीसारखा वळतो.

शिजण्याबद्दल मी कडक आहे. आमच्या वॉर्डात सकाळच्या सुट्टीत सहकारी मेट खातात: डुकराचा कच्चा खिमा, पावावर, वर कांदा. इथे कापल्या जाणाऱ्या डुकरांची ट्रिकिनेला कृमीसाठी तपासणी सक्तीची आहे, म्हणून त्यांना धीर होतो. मला अजून झालेला नाही. आपल्याकडे डुकराच्या मांसातून पट्टकृमी येण्याचा धोका ऐकीव नाही, खरा आहे, तेव्हा आत गुलाबी अजिबात ठेवायचं नाही. अर्धा सेंटीमीटर जाडीचा तुकडा योग्य तापमानाला तळला की आतपर्यंत शिजतोच. जाडी वाढवलीत तर मात्र ही खात्री माझ्याकडे मागू नका. कच्च्या मांसाचे हात, पाट, सुरी साबणाने धुऊन मगच सॅलडला हात लावा.

तीन ताटल्या

एका ताटलीत 100 ग्रॅम मैदा. दुसरीत तीन अंडी आणि दोन मोठे चमचे दूध किंवा साय, काट्याने मोडलेली. फेस येईपर्यंत फेटू नका, पांढरं आणि पिवळं जेमतेम मिसळलं की बास. तिसरीत 200 ग्रॅम पावाचा चुरा.

चुरा घरचा हवा. बेकरीच्या साध्या पांढऱ्या छोट्या पावांना दोन-तीन दिवस उघड्यावर खडखडीत वाळवून किसा किंवा मिक्सरला फिरवा. फार बारीक केलात तर सिमेंटसारखा बसतो, फार जाड ठेवलात तर टोचतो. रव्यापेक्षा किंचित जाड असावा. पांको, म्हणजे जपानी जाड पावाचा चुरा, वापरून बघितला. कुरकुरीत होतो, पण मग ते तोन्कात्सु, म्हणजे जपानी पद्धतीचं तळलेलं डुकराचं मांस, होतं, त्याची मजा वेगळी. श्निट्झेलचं आवरण पातळ आणि लाटालाटांचं असतं.

मीठ-मिरपूड मैद्यात घालायच्या अगदी आधी, दोन्ही बाजूंना. आधी लावून ठेवलंत तर मीठ पाणी ओढून काढतं, त्यावर मैद्याची खळ होते आणि सगळंच चिकटतं. आलं-लसूण न लावण्याचं कारणही तेच: ओल.

मैद्यात घोळवा, मग झटका. जोरात झटका, फक्त पावडर लावल्यासारखा पातळ थर राहिला पाहिजे. अंड्यात बुडवा, वर धरून जास्तीचं गळू द्या. मग चुऱ्यात टाका, बाजूचा चुरा वर लोटा, उलटा, परत लोटा, उचला, हलकेच झटका. झालं. तळवा कुठेच लागला नाही पाहिजे. दिसायला ते उघडं-वाघडं, अर्धवट वाटतं. मला तर लाज वाटायची, पाहुण्यांना काय वाटेल. असू दे.

न दाबण्याचं कारण मला पुरीमुळे कळलं. पुरी फुगते ती आतल्या पाण्याची वाफ होऊन. इथेही तेच: गरम तुपात पडल्याबरोबर ओलाव्याची वाफ होते आणि ती अंड्याच्या पापुद्र्याला मांसापासून वर उचलते. आवरण सैल असेल तर ते फुगतं, त्याच्या लाटा होतात, आतला तुकडा वाफेत शिजून रसाळ राहतो. दाबून बसवलेल्या चुऱ्याला उठायला जागाच नसते. तो मांसाला चिकटून राहतो आणि निवांत तूप पीत बसतो. बोंबलाला दाबणं योग्यच, त्याचं पाणी काढायचं असतं. इथे उलटं.

घोळवलेले तुकडे रचून ठेवायचे नाहीत, थांबवूनही ठेवायचे नाहीत. चुरा ओला होतो. तूप तापल्यावरच पहिला तुकडा मैद्यात टाका.

तळणं

तुपावर थोडं थांबते, कारण इथे मी बरेच पैसे वाया घालवले. सुरुवातीची वर्षं मी स्टुटगार्टच्या भारतीय दुकानातून साजूक तूप आणायचे, महाग, आणि जपून वापरायचे. सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी बुटरश्माल्ट्सचे डबे रोज दिसायचे. ते तूपच आहे हे आजींच्या ओट्यावर डबा उघडा पाहीपर्यंत डोक्यात आलं नाही. आपल्या कढवलेल्या तुपासारखा खमंग वास त्याला नाही, रवाही पडत नाही, पण तळायला उत्तम. लोणी मात्र नको, त्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडतात.

24 सेंटीमीटर व्यासाचा, उंच काठाचा जड तवा घ्या. त्यात अर्धा लिटर सूर्यफुलाचं तेल आणि 250 ग्रॅमचा एक डबा बुटरश्माल्ट्स; साधारण दीड सेंटीमीटर खोल होतं. एवढं बघून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पण श्निट्झेल तरंगलं पाहिजे. कमी तेलात ते तळाला टेकतं, आवरण एका बाजूने जळतं आणि दुसऱ्या बाजूने कच्चं राहतं. भरपूर आणि पुरेसं गरम तूप असेल तर आत कमीच शिरतं. उरलेलं गाळून ठेवा, आणखी एकदा तळायला चालतं.

तापमान 170 अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याचा कण टाका: लगेच तडतडून वर येऊन नाचायला हवा. तळाशी बसला तर थांबा. टाकताक्षणी तपकिरी झाला तर आच कमी करून थोडा वेळ द्या. पुरीला लागतं त्याहून किंचित कमी गरम, असं हाताला सांगा.

तुकडा आपल्यापासून लांबच्या दिशेने सोडा. एका वेळी एकच. आणि आता ज्या कामासाठी आजी मला शेजारी उभं करायच्या ते काम: तवा दांड्याने धरून पुढे-मागे हलकेच हलवत राहायचं, म्हणजे गरम तुपाची लाट तुकड्याच्या वरून जाते. वरची बाजूही तेव्हाच सेट होते आणि आवरण उचलायला लागतं. मी स्वतः जड तवा हलवायला घाबरते, म्हणून झाऱ्याने पुरीवर उडवतो तसं तूप वर उडवते. काम तेच होतं. फक्त झारा तुकड्यावर टेकवायचा नाही.

पावणेदोन ते दोन मिनिटं एक बाजू, मग उलटा, दुसरी बाजू दीड मिनिट. रंग पिकल्या कणसाच्या सालीसारखा सोनेरी. बाहेर काढल्यावर तो आणखी एक छटा गडद होतो, म्हणून थोडं आधीच काढा. कागदावर क्षणभर टेकवा आणि जाळीवर ठेवा. सगळे एकदम वाढायचे असतील तर 90 अंशांच्या ओव्हनमध्ये, जाळीवर, उघडे. दहा-पंधरा मिनिटं टिकतात.

आणि झाकू नका. मी एकटीने केलेल्या पहिल्या श्निट्झेलला सहा माणसं बोलावली होती. एकेक तळून पोळीच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, झाकण लावून ठेवलं. वाढताना आवरण ओल्या मोज्यासारखं निघून आलं. लोक सभ्य होते, सगळ्यांनी संपवलं.

तुपाला आग लागली तर पाणी नाही. गॅस बंद आणि वर झाकण, तेवढ्यापुरतं झाकण चालेल. हाताला उडालं तर नळाचं साधं पाणी, दहा-वीस मिनिटं. टूथपेस्ट लावून येणारी माणसं मी इथेही पाहिली आहेत.

ताटात काय काय

मुरंबा शेजारी, वर नाही. वर ओतलात तर एवढं केलेलं आवरण दोन मिनिटांत मेलं. लिंबाची फोड हवीच, पण आमच्या घरी मुरंबा असल्यावर ती तशीच उरते.

सोबत श्वाबी बटाट्याची कोशिंबीर, जिच्यात मेयोनीझ नसतं. ते उत्तरेकडचे लोक घालतात आणि त्यावर इथे लोक खरंच चिडतात. एक किलो बटाटे, शिजल्यावर न फुटणाऱ्या जातीचे, सालासकट उकडा. हाताला चटके बसतात तोवरच सोलून पातळ चकत्या करा. बारीक चिरलेला कांदा, चार मोठे चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, मिरपूड, आणि त्यावर 250 ते 300 मिलीलीटर उकळता मांसाचा किंवा भाज्यांचा रस्सा. हे सगळं गरम बटाटा पिऊन टाकतो. तेल शेवटी, आधी घातलंत तर रस्सा आत जात नाही. कोशिंबीर चमच्याने हलवली की पचपच असा ओला आवाज यायला हवा. त्या ओलेपणाला श्वाबीत "श्लोंत्सिग" म्हणतात आणि ही स्तुती आहे.

नासपती असतील तर थोड्या हिरव्या पाल्याबरोबर पातळ कापून टाका. प्लम सप्टेंबरअखेर संपत येतात; उरलेसुरले अर्धे करून चमचाभर तुपात परतले की तेही चालतात.

वसईत केलं तेव्हा

मागच्या वर्षी सुट्टीत आईकडे केलं. चुऱ्यासाठी ब्रून पाव सगळ्यात उत्तम निघाला, इथल्या पावापेक्षाही. कडक कवच असल्याने दोन दिवसांत वाळतो. दमट हवेत नीट वाळत नसेल तर मंद तव्यावर फिरवून घ्या, लाल करू नका. मांसवाल्याला "मांडीचं, बिनहाडाचं, चरबी काढून" असं सांगितलं आणि सोरपोतेलचे तुकडे करायच्या आत थांबवलं. तळायला घरचं तूप अर्धं, तेल अर्धं. आईने तेल बघून देवाचं नाव घेतलं.

बिहीऐवजी मी अर्धकच्चा पेरू घेतला. बिया काढून, तसाच आधी शिजवून, मग हिरवं आंबट सफरचंद आणि जास्तीचं लिंबू. पेरूतही पेक्टिन भरपूर, आणि तो बिहीसारखा किंचित रवाळ लागतो. गोव्यात पेरूची पेराद आटवतात आणि पोर्तुगालमध्ये बिहीची मार्मेलाद. मार्मेलेड हा शब्दच मुळात बिहीच्या पोर्तुगीज नावावरून, मार्मेलोवरून आलेला. दोन्ही फळं कढईत सारखी का वागतात ते हात घातल्यावर समजतं. काश्मीरची गोड लाल सफरचंदं एकटी वापरू नका, मुरंबा मिळमिळीत होतो. कोकमाचं आगळ घालून पाहिलं, रंग सुंदर आला आणि चव फक्त कोकमाची.

आईने पहिला तुकडा घोळवला आणि तळवा टेकवला. मी तिच्या हातावर चमचा मारला नाही, पण ओरडले.

शेवटी ताटल्यांत थोडं अंडं, थोडा मैदा, थोडा चुरा उरतो. ते टाकायचं नाही. सगळं एकत्र कालवून, चिमूट मीठ घालून, त्याच तुपात चमच्याने छोटी छोटी भजी सोडा. आजींकडे ती ताटात कधीच पोचत नाहीत, ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपतात. ही मात्र झाऱ्याने खुशाल दाबा.